कीबोर्डवर नसलेली अक्षरं कशी उमटवायची?

तापमान लिहायचं असतं, पण अंशाचं ते छोटं वर्तुळ कीबोर्डवर काही सापडत नाही. मग बहुतेक जण काय करतात? नेटवर शोधायचं, कुठल्यातरी पानावरून ते चिन्ह उचलायचं आणि आपल्या मजकुरात चिकटवायचं. काम होतं, पण चिन्हासोबत त्या पानाचा फॉन्ट आणि आकारही येऊन बसतो. आठवड्याभराने पुन्हा गरज पडली की पुन्हा तीच शोधाशोध.

यावरचे उपाय सोपे आहेत. ते शिकताना लोक एक चूक मात्र हमखास करतात: दोनशे कोडांचा तक्ता छापून भिंतीवर लावतात. तो तक्ता कोणी वाचत नाही. तुम्हाला रोज लागणारी चिन्हं फार तर पाचसहा असतात. तेवढ्यांचे शॉर्टकट हाताला बसवा आणि बाकीच्यांसाठी ती शोधायची एक जागा माहीत असू द्या.

एक सूचना आधीच: या लेखात कोड मराठी अंकांत छापले आहेत, पण टाइप करताना ते इंग्रजी अंकांतच द्यायचे. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा. विंडोजमध्ये त्यासाठी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा.

विंडोज: ऑल्ट आणि आकडे

ही सर्वांत जुनी पद्धत, आणि अजूनही बहुतेक प्रोग्रॅममध्ये चालते. अंशाचं चिन्ह घेऊन करून पाहू.

१. नम लॉक (आकड्यांची चौकट चालू-बंद करणारं बटण) चालू आहे ना, ते पाहा.
२. डावीकडचं ऑल्ट बटण दाबून धरा.
३. ते धरलेलं असतानाच कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांच्या चौकटीवर ०१७६ दाबा. हे आकडे दाबत असताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ते बरोबरच आहे.
४. ऑल्ट सोडा. सोडल्याक्षणी ° उमटतं.

अक्षरांच्या वर असलेल्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. नव्याने शिकणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच अडतात आणि ‘माझ्या कॉम्प्युटरवर हे होत नाही’ असं ठरवून सोडून देतात.

दुसरा खड्डा जास्त महागात पडतो. नम लॉक बंद असेल तर आकड्यांच्या चौकटीवरचा ४ हा डावीकडच्या बाणाचं काम करतो. ब्राउझरमध्ये ऑल्ट आणि डावा बाण म्हणजे ‘मागच्या पानावर जा’. तुम्ही मोठा फॉर्म भरत आणला आहे, मध्येच ४ हा आकडा असलेला एखादा कोड टाकायला गेलात, तर पान मागे जातं आणि भरलेलं सगळं जाऊ शकतं. म्हणून ब्राउझरमध्ये ऑल्ट कोड वापरण्याआधी नम लॉकचा दिवा बघायची सवय लावून घ्या.

उपयोगी पडणारे काही कोड:

© ०१६९
® ०१७४
™ ०१५३
€ ०१२८
× ०२१५
÷ ०२४७
± ०१७७
½ ०१८९
– ०१५० (लहान डॅश)
— ०१५१ (मोठा डॅश)
“ ०१४७ आणि ” ०१४८

सुरुवातीचं शून्य गाळू नका. ते नुसतं शोभेचं नाही, त्याच्यावरून विंडोज कुठला तक्ता उघडायचा ते ठरवतं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा स्वतःचा अक्षरतक्ता होता. पुढे विंडोजने वेगळा तक्ता आणला, पण जुन्या कोडांची सवय झालेल्यांसाठी आधीचाही ठेवला. शून्याने सुरू झालेला कोड विंडोजच्या तक्त्यात शोधला जातो, शून्याविना दिलेला त्या जुन्या तक्त्यात. अमेरिकन इंग्रजी मांडणीवर ०२३३ दिलं तर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी ‘ई’ मिळतं. नुसतं २३३ दिलं तर ग्रीक थीटा. नेटवर एकाच चिन्हाचे दोन वेगळे कोड दिसतात ते यामुळेच. अंशाचं चिन्ह जुन्या तक्त्यात २४८ वर आहे आणि तेही चालतं.

रुपयाचं ₹ मात्र या दोन्ही तक्त्यांत नाही. ते चिन्ह २०१० च्या जुलैत स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत आलं. हे तक्ते त्याच्या कितीतरी आधी भरून झाले होते. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ ही कीबोर्ड मांडणी लावली की उजवं ऑल्ट आणि ४ दाबून ₹ मिळतं. इथे वरच्या ओळीतलाच ४ वापरायचा.

लॅपटॉपवर आकड्यांची चौकट नसेल तर

विंडोजचं बटण धरून पूर्णविरामाचं टिंब दाबा. इमोजींची खिडकी उघडते. बरेच लोक ती बघून ‘हे तर हसऱ्या चेहऱ्यांसाठी’ म्हणून बंद करतात, पण तिच्यातच चिन्हांचा वेगळा भाग आहे. विरामचिन्हं, चलनं, गणिती खुणा, ग्रीक अक्षरं आणि युरोपीय भाषांमधली खुणावाली अक्षरं तिथे गटवार लावलेली आहेत. चिन्हांचा हा भाग विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटने आला, त्यामुळे त्याहून जुन्या मशीनवर तो दिसणार नाही.

जुन्या मशीनसाठी कॅरेक्टर मॅप आहे. स्टार्टमध्ये त्याचं नाव टाइप करा आणि उघडा. हवं ते चिन्ह टिचकी मारून निवडलं की खिडकीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात त्याचा ऑल्ट कोडही दिसतो, अर्थात त्या चिन्हाला असा कोड असेल तर. म्हणजे तक्ता छापायची गरजच नाही.

वर्डमध्ये असाल तर

वर्डचे स्वतःचे शॉर्टकट आहेत आणि ते ऑल्ट कोडांपेक्षा लक्षात ठेवायला सोपे आहेत. कंट्रोल, ऑल्ट आणि सी दाबलं की ©. सीच्या जागी आर दाबलं तर ®, टी दाबलं तर ™. कंट्रोल धरून आकड्यांच्या चौकटीवरची वजाबाकीची खूण दाबली की लहान डॅश येतो, सोबत ऑल्टही धरलं तर मोठा.

माझ्या मते वर्डमधली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे ऑल्ट आणि एक्स. जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबायचा. क्रमांक नाहीसा होऊन त्या जागी अक्षर येतं. रुपयासाठी २०, मग इंग्रजी बी, मग ९, आणि लगेच ऑल्ट-एक्स. झालं ₹. अंशाच्या चिन्हासाठी दोन शून्यं, बी आणि पुन्हा शून्य.

पण हेच तापमानाच्या आकड्याला, समजा ३७ ला, लागून केलंत तर कोड नेमका कुठून सुरू होतो याचा वर्डला पत्ता लागत नाही आणि भलतंच काही उमटू शकतं. अशा वेळी फक्त कोडाचा भाग माउसने निवडा आणि मग ऑल्ट-एक्स दाबा.

ही युक्ती उलटीही चालते. एखाद्या अनोळखी चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्या चिन्हाचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की चिन्ह परत. हिचा खरा उपयोग पुढे, एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांशी गाठ पडते तेव्हा कळेल.

परदेशी नावांतल्या खुणा: आधी खूण, मग अक्षर

झुरिक या शहराच्या नावात यूवर दोन टिंबं असतात. हवामानाच्या बातम्यांमधल्या एल निन्योच्या एनवर नागमोडी रेघ असते. ‘कॅफे’ इंग्रजीत काटेकोरपणे लिहिलं तर शेवटच्या ईवर तिरकी रेघ येते. अशा नावांचं काम वरचेवर पडत असेल तर प्रत्येक अक्षराचा कोड शोधत बसू नका. विंडोज, मॅक, लिनक्स आणि वर्ड या चारही ठिकाणी एकच रीत आहे: आधी खुणेचं बटण दाबायचं, मग अक्षराचं. खुणेचं बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षर येत नाही, मशीन पुढच्या अक्षराची वाट बघतं. जुन्या टाइपरायटरवरही हेच होतं. खुणेचं बटण दाबलं की खूण उमटे पण कागद पुढे सरकत नसे, म्हणून पुढचं अक्षर बरोबर तिच्याखाली पडे.

वर्डमध्ये: कंट्रोल धरून एकेरी अवतरणाचं बटण दाबा, दोन्ही सोडा, मग ई दाबा. तिरक्या रेघेचं ई तयार. दोन टिंबांसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि अपूर्णविराम म्हणजे कोलन, मग यू. नागमोडी रेघेसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ~ चं बटण, मग एन. फ्रेंचमधल्या सीखालच्या शेपटीसाठी कंट्रोल आणि स्वल्पविराम, मग सी. वर्डच्या बाहेर, म्हणजे ब्राउझरमध्ये वगैरे, हे चालत नाही.

सगळीकडे चालणारा उपाय हवा असेल तर विंडोजमध्ये ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ हा कीबोर्ड जोडून घ्या. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात जा, इंग्रजीच्या पर्यायांत ‘कीबोर्ड जोडा’ असं येतं, तिथून तो निवडा. आता एकेरी अवतरण दाबून ई दिलं की तिरक्या रेघेचं ई, दुहेरी अवतरण दाबून यू दिलं की दोन टिंबांचं यू, ~ दाबून एन दिलं की एल निन्योचं एन.

याचा एक त्रास आहे, तो आधीच सांगतो. साधं अवतरणचिन्ह हवं असेल तेव्हाही मशीन थांबून राहतं. दुहेरी अवतरण उघडून लगेच ए टाइप केलंत तर अवतरणाऐवजी दोन टिंबांचं ए येतं. साधं अवतरण हवं असेल तर ते बटण दाबून एकदा स्पेसबार दाबायचा. दिवसभर साधं इंग्रजी टाइप करणाऱ्याला याचा कंटाळा येतो. म्हणून हा कीबोर्ड कायमचा लावून ठेवू नका. नेहमीचा तसाच ठेवा आणि गरजेपुरता विंडोज-स्पेसने याच्यावर या. याच मांडणीत उजवं ऑल्ट धरून ई किंवा एन दाबलं तरी खुणेचं अक्षर थेट मिळतं.

लिनक्सवर कंपोझ बटण ही सर्वांत समजूतदार सोय. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात जाऊन उजवं ऑल्ट किंवा दुसरं एखादं न लागणारं बटण कंपोझ म्हणून नेमा. मग ते दाबून सोडा आणि चिन्ह जणू काढून दाखवा: ओ आणि सी म्हणजे ©, दोनदा ओ म्हणजे °, १ आणि २ म्हणजे ½, दोनदा एक्स म्हणजे ×. अवतरण आणि ई दिलं की तिरक्या रेघेचं ई. पाठ करण्यासारखं यात फारसं काही नाही. युनिकोडचा क्रमांकच माहीत असेल तर लिनक्सच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून क्रमांक द्यायचा आणि एंटर मारायचा.

मॅकवर

इथे सगळं ऑप्शन बटणाभोवती फिरतं. ऑप्शन आणि ई दाबून सोडा, मग हवा तो स्वर द्या. त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ येते. ऑप्शन-यूने दोन टिंबं, ऑप्शन-एनने नागमोडी रेघ, ऑप्शन-आयने छोटं छप्पर. © साठी ऑप्शन-जी, ® साठी ऑप्शन-आर, ™ साठी ऑप्शन-२. साध्या आडव्या रेघेच्या बटणासोबत ऑप्शन धरलं की लहान डॅश, शिफ्टही धरलं की मोठा. अंशासाठी ऑप्शन, शिफ्ट आणि ८.

याहून सोपं म्हणजे अक्षर दाबून धरायचं. ई नुसतं दाबून ठेवलं की त्याची सगळी खुणावाली रूपं वर उघडतात आणि प्रत्येकाखाली एक आकडा असतो. तो आकडा दाबा. बाकी कशासाठीही कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबा, चिन्हांची खिडकी समोर येते.

फोनवरही हीच दाबून धरायची रीत. डॅश हवा असेल तर आडव्या रेघेवर बोट ठेवून थांबा. आयफोनवर शून्य दाबून धरलं की ° मिळतं.

आपल्या मराठीतली अवघड अक्षरं

मराठी टाइप करणाऱ्याचीही स्वतःची ‘खास’ अक्षरं आहेत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कीबोर्ड मांडणीत जोडाक्षरांची चार बटणं आकड्यांच्या ओळीतच दिलेली आहेत: शिफ्ट धरून ५ दाबलं की ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र.

खरी अडचण ‘ऱ्य’ची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. रफार आणि अर्ध्या ऱ मधला फरक लिहिता आलाच पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये दर्या असा लिहितात: ओच्या बटणावर द, जेवर र, डीवर हलन्त, तिरक्या रेघेच्या बटणावर य, ईवर काना. दऱ्या लिहायचं तर यातलं एकच पाऊल बदलतं: जे दाबताना शिफ्ट धरायचं, म्हणजे साध्या र ऐवजी ऱ येतो. बाकी सगळं तेच.

हे ठाऊक नसलेले लोक दुसऱ्या वाटेने जातात: साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडणारा वर्ण, मग य. पडद्यावर दिसतं अगदी तेच. पण कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी ते सापडतच नाही. दोघातिघांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात ‘बदला’ ही आज्ञा दिल्यावर अर्धेच शब्द बदलतात त्याचं एक कारण हे. युनिकोडची पसंती ऱ वाल्या पद्धतीला आहे, तीच धरा.

‘ॲ’चंही तसंच. अ टाइप करून त्यावर चंद्र चढवला तर डोळ्यांना ॲ दिसतो, पण आत ती दोन वेगळी अक्षरं असतात. मराठीसाठी ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, क्रमांक ०९७२. वर्डमध्ये या अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा: ०९७२ आलं तर एकसंध, ०९४५ आलं तर तो नुसता चंद्र, म्हणजे अक्षर जोडून केलेलं आहे.

जुळी दिसणारी चिन्हं

अंशाच्या चिन्हासारखंच दिसणारं º असं आणखी एक चिन्ह आहे, ते स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘पहिला, दुसरा’ अशा क्रमवाचकांसाठी वापरतात. मॅकवर ऑप्शन आणि शून्य दाबलं की नेमकं हेच येतं आणि लोक ते तापमानाला लावून मोकळे होतात. काही फॉन्टमध्ये त्याच्याखाली बारीक रेघ दिसते, तेव्हा कुठे गडबड लक्षात येते. मोजमापात इंग्रजी एक्स लिहून भागवणं मला चालतं, छापायचं असेल तर × टाका. सापडलेलं चिन्ह खरं कोणतं, हे पुन्हा ऑल्ट-एक्सच सांगतो.

स्वतःचे शॉर्टकट

एखादं चिन्ह रोज लागत असेल तर त्याला स्वतःचं टोपणनाव द्या. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या वाटेने ऑटोकरेक्टची यादी उघडा. डाव्या चौकटीत तुमचं टोपणनाव, उजवीत चिन्ह. टोपणनाव असं निवडा की ते खऱ्या शब्दात कधी येणार नाही. दोन अर्धविराम आणि एक अक्षर, असं काहीतरी. मॅक आणि आयफोनवर हीच सोय कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ नावाने आहे.

पासवर्डमध्ये मात्र यातलं काही वापरू नका. परक्या कॉम्प्युटरवर लॉग-इन करायची वेळ आली आणि तिथे ते अक्षर उमटवता आलं नाही, तर दाराबाहेर उभं राहावं लागेल.

चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर टाइप करण्यात चूक झाली असं लगेच धरू नका. बहुधा त्या फॉन्टमध्ये ते चिन्हच नसतं. मजकूर निवडून फॉन्ट बदलून पाहा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये काम करत असाल तर ° किंवा © च्या जागी एखादं देवनागरी अक्षर किंवा मात्रा दिसू शकते, कारण त्या फॉन्टनी हीच घरं देवनागरीसाठी वापरली होती. तिथे फक्त तेवढं एक चिन्ह निवडून त्याला साधा इंग्रजी फॉन्ट लावा.